मानाजी कोतवाल देवमाणूस कसा झाला

"परवा भर बाजारात त्याला म्हणालीस, 'मेल्या, तुझा मुडदा बशिवला!' आणि आज म्हणतेस, 'देवमाणूस गेला हो!' यातलं खोटं कुठलं?" राजा गरजला.

कोंडाबाई कुंभारीण दरबारात उभी होती. मानाजी कोतवालाच्या तिरडीपुढचं मडकं तिनंच दिलं होतं. फुकट! जिवंतपणी तो दर बाजाराला दोन मडकी फुकट न्यायचा आणि वर चार काठीनं फोडायचा. मेल्यावर एकातच भागलं, हेच त्याचं पुण्य!

"महाराज, देवमाणूस तर अख्खं गाव म्हणालं!"

"अख्ख्या गावाला पुरेल एवढी कोठडी नाही आमच्याकडं! मेलेल्याबद्दल लोक गोड का बोलतात, ते दिवस मावळायच्या आत पटवून दे. नाहीतर तुझं चाक जप्त!"

चाक गेलं की चूल गेली. दरबारातले शहाणे माना डोलवत होते. सकाळी त्याच तिरडीमागं त्यांनीही डोळे पुसले होते. पण राजाच्या नजरेत भरली ती कुंभारीण!

बाहेर ओसरीवर राजाचे मेहुणे सर्जेराव लोडाला टेकून श्रीखंड चाटत होते. दसऱ्याचं सोनं द्यायला आले, ते होळी आली तरी हलेनात. त्यांना पाहिलं की राजा दात खायचा. पण राणीच्या भावाला 'जा' म्हणायची राजाचीसुद्धा टाप नव्हती!

कोंडाबाई थबकली.

"सर्जेराव, कोतवाली रिकामी झाली हो! रात्रभर गस्त, पहाटे चोरांमागं धावायचं. आता घरात रिकामा माणूस कोण, ते महाराजांना दिसतंच म्हणा!"

घास घशातच अडकला. घटकाभरात गाडी जुंपली!

राजा निरोप द्यायला दारात आला. "येतो, दाजी!" म्हणत सर्जेराव गाडीत चढले. बैल हलले, तसे राजानं डोळे पुसले.

"अहो, एवढी कसली घाई? आणखी महिनाभर राहिला असता! तुमच्यावाचून वाडा खायला उठेल आता!"

गाडी वळणाआड गेली आणि कोंडाबाई पुढं झाली.

"महाराज, खोटं बोललात!"

राजानं जीभ चावली.

"हेच काल का नाही म्हणालात?"

"काल म्हणालो असतो, तर तो राहिला असता की गं!"

"मग आमचं काय वेगळं? तिरडी उचलल्याशिवाय आम्हीपण कुणाला देवमाणूस म्हणत नाही! उगाच ऐकून माघारी फिरला तर?"

राजाच्या मिशा थरथरल्या. "आणि आमची तिरडी उठेल तेव्हा काय म्हणशील?"

"देवमाणूसच! दुसरं काय? पण आज चाक सोडलंत, तर तेव्हा खोटं बोलायची पाळी यायची नाही!"

राजा पोट धरून हसला. चाक सुटलं, राजतळ्याच्या मातीचा कर तिला कायमचा माफ झाला. आणि सर्जेरावांच्या वाट्याचं रात्रीचं श्रीखंड? तेही मडकं भरून कोंडाबाईच्याच घरी गेलं!