भाऊ घरात, अक्षता चहूदिशांना

ऐक जिवतीमाते, तुझी कहाणी. बायांनो, मुठीत अक्षता धरा आणि कुजबुज जरा थांबवा.

एक होतं आटपाट नगर. तिथं कोष्ट्यांची आळी. आळीत आवडा नावाची बाई राहायची. नवरा सालस, लुगडी विकायला गावोगाव फिरायचा. आवडाला धाकटा भाऊ, नागोजी. आई मरताना तिच्या ओटीत घालून गेली होती. आवडानं त्याला लेकासारखा वाढवला. मोठा झाला, मागावर बसला. त्याच्या हातचा काठ खुद्द राणी मागून न्यायची.

एकदा काय झालं, नागोजीची कंबर धरली. कुणी म्हणालं, मोहरीएवढी अफू घे. घेतली, बरं वाटलं. मग मोहरीची मिरी झाली, मिरीचा हरभरा झाला, हरभऱ्याचं बोर झालं. माग थांबला. नागोजी आळीत झोकांड्या खाऊ लागला. आवडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं काय केलं? त्याला मागच्या खोलीत ठेवला, बाहेरून कडी घातली, आणि पदराआड अफू आपणच आणू लागली. का? तर चारचौघांत शोभा नको. माया आंधळी असते म्हणतात. आवडाची माया चांगली डोळस होती, शेजारणीच्या खिडकीकडे बघून चालायची.

श्रावण आला. शुक्रवारी पाच सवाष्णी जेवायला आल्या. जिवतीची पूजा झाली, लेकरांना ओवाळायची वेळ झाली. बायांनी विचारलं, "आवडाबाई, भाऊ कुठं?" आता चाल अशी, की लेकरू परगावी असलं तर त्या दिशेला अक्षता टाकायच्या आणि जिथं असशील तिथं सुखी राहा म्हणायचं. आवडा म्हणाली, "पूर्वेला गेलाय, रेशीम आणायला." पूर्वेला अक्षता टाकल्या. आत नागोजी कण्हला. ती म्हणाली, "मांजर असेल."

दुसरा श्रावण आला. "भाऊ कुठं?" "दक्षिणेला, राजाच्या कामाला." दक्षिणेला अक्षता टाकल्या. आत नागोजीनं अन्न टाकलं होतं.

तिसरा श्रावण आला. सवाष्णींत एक अनोळखी म्हातारी होती. "भाऊ कुठं?" "पश्चिमेला." मूठ उघडली, तर अक्षता हाताला चिकटलेल्या. झटकल्या, पडेनात. पुसल्या, निघेनात. म्हातारी म्हणाली, "बये, लेकरू घरात, तर अक्षता रानात कशाला टाकतेस?"

मग आवडाचा धीर सुटला. "तो आत आहे हो. अफू खातो. आणि मीच आणून देते." ओक्साबोक्शी रडली. तशा अक्षता गळून पडल्या. कुणी हसलं नाही. एक सवाष्ण म्हणाली, "अगं, माझा दीर ह्यातच गेला. तू बोलली असतीस, तर मी तेव्हाच धावले असते." कडी काढली. आत नागोजीची नुसती हाडं उरली होती.

आवडानं म्हातारीचे पाय धरले. "आई, मला वसा सांगा." म्हातारी म्हणाली, "घरातलं दुखणं झाकू नये. आपल्या हातानं विष देऊ नये. आणि माणूस पुन्हा पडला म्हणून त्याला दार लावू नये." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

मग वैद्य आला. त्यानं अफूची गोळी हळूहळू लहान करत नेली. पाचीजणी पाळीपाळीनं बसल्या, पेज भरवली. नागोजीनं शिव्या दिल्या, पाया पडला, पळून गेला. दोनदा पुन्हा अफू खाल्ली. आवडानं दोनदा शोधून आणला, पण झाकला नाही. चौथ्या श्रावणात तो पाटावर बसला. आवडानं ओवाळलं. जीव वाचला, पण हातांची थरथर राहिली ती राहिलीच. बारीक काठ गेला, आता जाडेभरडे पंचे विणतो.

ओवाळून झाल्यावर नागोजी म्हणाला, "अक्का, ह्याच बाया पहिल्या श्रावणातही आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या रे."

"मी आतून ऐकत होतो. वाटायचं, आता सांगशील. का नाही सांगितलंस?"

आवडा म्हणाली, "वाटलं, तुझी लाज राखतेय. राखली ती माझीच."

आवडाला अजून त्याचे हात बघवत नाहीत.

जिवतीमाते, आवडाला भाऊ परत दिलास तसा ज्याचा त्याला परत दे. पण तिची जीभ तिसऱ्या श्रावणात सुटली, तुम्हां-आम्हां बायांची पहिल्याच श्रावणात सुटू दे. साठां उत्तरांची होती, पांचा उत्तरांत सांगितली. कहाणी सुफळ होवो, संपूर्ण होवो. टाका अक्षता, आणि घरी जाऊन आपापल्या बंद खोल्या उघडा.