दारात ठेवलेले मडके

फार फार पूर्वी, डोंगरांना आणि राज्यांना अजून नावेसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. शेवट गोड नाही. तो गोड करता येईल का, याचा पुष्कळ विचार केला. पण मग ही गोष्ट खरी वाटली नसती.

एका रानाच्या काठी एक गाव होते. गावात वैद्य नव्हता. कुणाला ताप आला की घरचे अंगणात बसून तो उतरण्याची वाट पाहत. कधी ताप उतरे, कधी माणूसच जाई. शेवटी गावाने ठरवले, आपले एक लेकरू वैद्यकी शिकायला पाठवायचे. निवड झाली तुंगाची.

तुंगाला तिच्या आत्याने वाढवले होते. आत्या रानातून मध गोळा करी, आणि तुंगा तिच्या मागे मागे हिंडत एकसारखी विचारत राही. "आत्या, माशी त्याच फुलावर का बसते? आत्या, धुराने माश्या पळतात का?"

आत्या म्हणे, "तुंगे, जरा श्वास घे गं. माझे कान किटले!"

पण ती सांगे. आणि असे विचारलेले, हाताळलेले तुंगा कधी विसरत नसे. एका जागी बसवून सांगितलेले मात्र तिच्या डोक्यात टिकत नसे.

नदीपलीकडच्या आश्रमात वैद्यकीच्या दोन शाळा होत्या. मौनशाळेत गुरू पहाटे एक श्लोक म्हणत. शिष्याने तो एकट्याने पाठ करायचा, प्रश्न विचारायचा नाही; सगळे श्लोक पाठ झाल्यावरच रान पाहायचे. वनशाळेत गुरूंच्या मागून आजाऱ्यांच्या दारोदार हिंडायचे, पाने चुरगाळायची, मुळ्या चाखायच्या, विचारायचे, चुकायचे. औषधे दोन्हीकडे तीच होती. पण मौनशाळेतून बाहेर पडणाऱ्याला राजा शाल पांघरवी आणि लोक वैद्यराज म्हणत. वनशाळेतून आलेल्याला लोक नुसते नावाने हाक मारीत.

आश्रमाची एक रीत होती. नव्या मुलाने पंधरवडाभर अतिथीगृहात राहायचे. तिथे घरी वागतो तसेच वागायचे आणि स्वतःला न्याहाळायचे. मग घरून आणलेले मातीचे मडके दोन शाळांपैकी एकीच्या दारात ठेवायचे. एकदा ठेवलेले मडके शिक्षण संपेपर्यंत हलवता येत नसे.

तुंगा पहिल्याच दिवशी पहाटे उठली. भिंतीकडे तोंड करून बसली. प्रश्न आला की ती ओठ चावू लागली.

शेजारच्या चटईवर रंभा नावाची मुलगी होती. ती हसून म्हणाली, "अगं, नावेत तर त्या नावाड्याला नको नको केलं होतंस! पाणी हिरवं का, वल्हं कशाचं... आणि आता मुकीचं सोंग?"

"सोंग नाही. सवय लावून घेतेय."

"इथे आहे तसं राहायचं असतं, बाई. मला बसलं की झोप येते, म्हणून मी आपली वनशाळेत जाणार."

"तुझं ठीक आहे. मला गावाने पाठवलंय. शाल न घेता परतले, तर हिंडत गेली नि हिंडत आली, असं म्हणतील सगळे."

मडके ठेवण्याच्या दिवशी आश्रमाच्या वृद्ध आचार्यांनी तिला विचारले, "मुली, घरी तू कशी शिकायचीस?"

"पहाटे उठून. एकटी बसून. गुपचूप."

आचार्यांनी तिच्या सुजलेल्या ओठांकडे पाहिले. त्यांना शंका आली. पण त्यांचा आपल्या शंकेवरही विश्वास नव्हता. शिष्य ओळखण्यात ते पूर्वी अनेकदा चुकले होते. "पुन्हा एकदा आठवून सांगतेस?" एवढेच ते म्हणाले.

"आठवलंय, आचार्य."

आणि तिने मडके मौनशाळेच्या दारात ठेवले.

मौनशाळा वाईट होती असे कुणी समजू नये. ज्यांना एकांत गोड लागे, त्यांची विद्या तिथे झाडासारखी वाढे. तुंगाला मात्र भिंतीकडे पाहून काहीच सुचेना. लावून घेतलेली सवय मडके ठेवल्यावर थोड्याच दिवसांत सुटली. आजचा श्लोक उद्या करू, असे ती स्वतःला सांगे. उद्याचा श्लोक आजच्यावर उभा असे, म्हणून तोही कळत नसे. कुंपणापलीकडून रंभाचा आवाज येई, "गुरुजी, हे पान खरखरीत का हो?" तुंगा कान झाकून घेई.

तरी ती राहिली. गावाला काय सांगायचे, या भीतीने राहिली. वर्षे गेली. एके दिवशी गुरूंनी तिला सारे श्लोक म्हणायला सांगितले. ती अर्ध्यावर अडली, आणि अर्ध्यावरून पुढे काहीच नव्हते. गुरूंनी मडके उचलून तिच्या हाती दिले. ते रागावले नाहीत. त्यामुळे तिला जास्त लागले.

ती गावी परतली तेव्हा लोक म्हणाले, "शाल नसली तर नसू दे. आली ना आपली तुंगा! आता भीती नाही."

तुंगाने खरे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. गप्प राहणे तेवढे तिला आता नीट येत होते.

त्याच पावसाळ्यात आत्याला ताप भरला.

तुंगा रानात धावली. तापाच्या श्लोकाची पहिली ओळ तिला आठवली, तीत वनस्पतीचे नाव होते. दुसऱ्या ओळीत ती कशी ओळखायची, मूळ घ्यायचे की साल, हे होते. ती ओळ आठवेना. भोवती सगळीकडे झाडे होती. तिचा पदर एका झुडपात अडकला; कदाचित तेच ते औषधी झुडूप होते. तिला ते कसे कळणार?

ती रिकाम्या हाताने परत आली. आत्याने तिचा चेहरा पाहिला आणि सारे ओळखले. हळूच म्हणाली, "विचार की गं काहीतरी. पूर्वी विचारायचीस तसं. कुठे दुखतंय, तेवढं तरी विचार."

तुंगाने ओठ उघडले. इतकी वर्षे गिळलेल्या प्रश्नांतला एकही वर आला नाही.

दिवस मावळायच्या आत आत्या गेली.

तुंगाने ते मडके अंगणात पालथे घातले. पुढे गावात पुन्हा कुणाला ताप आला. घरचे अंगणात बसून तो उतरण्याची वाट पाहू लागले, आणि तुंगाही त्यांच्यात जाऊन बसली.

आपण कसे शिकतो हे स्वतःशी खरे कबूल करून मगच विद्येचे दार निवडावे. उद्या लागणाऱ्या सवयीच्या भरवशावर निवडलेले दार आपल्यासाठी बंदच राहते.