गोदीचं गवत

"पण बुवा, कुत्री त्यावर येत का नाहीत?"

मुकुंदराव रेग्यांनी हे चौथ्यांदा विचारलं. तात्याबुवा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशावर?"

"गवतावर! मी घातलेल्या गवतावर."

"बरं," बुवा म्हणाले आणि पुढची शेंग घेतली...

रेगे धरणांवर काम केलेले निवृत्त इंजिनियर. मठात येऊन तीन वर्षं झाली, तरी अंगातला साहेब काही उतरला नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती, बुवांचा अनुग्रह. बुवा तो वर्षातून एकदाच देत, दत्तजयंतीला. रेग्यांनी दोनदा मागितला आणि दोनदा रिकाम्या हाती उठले. दुसऱ्या वेळी बुवा एवढंच म्हणाले होते, "मठातला एखादा जीव आपणहून तुझ्याजवळ येऊन बसू दे. मग माग."

मठातले जीव म्हणजे चार कुत्री. त्यांतली गोदी सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, नाकाने वाट काढत फिरायची. तसबिरीत दत्ताच्या पायाशी बसलेल्या चौघांना लोक हात जोडत, आणि परसातल्या चौघांना हाड हाड करत. हाड म्हणण्यात रेगे सगळ्यांच्या पुढे.

परसात फणस आणि जांभूळ एकमेकांत घुसलेले. ऊन म्हणून जमिनीला लागायचं नाही. तिथे हरळीसुद्धा तगली नाही, मग लॉन कुठली? बारा महिने ओल, आणि चिखलाचे पंजे थेट सभामंडपात. तेव्हा रेग्यांनी ठरवलं, इथे कुत्र्यांसाठी प्लास्टिकचं गवत घालायचं. मठही स्वच्छ राहील आणि कुत्रीही जवळ येतील.

काम मात्र नामी केलं, खोटं कशाला बोला! वीतभर माती काढली, खडी पसरली, ठोकून घट्ट केली. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून गटाराकडे उतार दिला, म्हणजे कुत्र्यांनी काही केलं तरी थेंब साचू नये. सांधे असे जुळवले की बोट फिरवलं तरी कळत नव्हते. फणसाच्या बुंध्याभोवती गोल जागा मोकळी सोडली.

आणि पंधरा दिवसांत एक कुत्रं फिरकेल तर शपथ! चौघंही विहिरीकडेच्या उरलेल्या चिखलात दाटीवाटीने झोपत. दत्तजयंती सहा दिवसांवर आली होती.

"सायेब," स्वयंपाकघरातून सरजाबाई म्हणाल्या, "तुमच्या गवतावर पाय ठेवायला आमालाच भ्या वाटतंय. कुत्र्यांचं काय घेऊन बसलाय!"

बुवा हसले. टरफलं झटकून उठले.

"चल, दाखव."

परसात आल्यावर म्हणाले, "बस."

"कुठे?"

"गवतावर."

रेगे त्यावर कधी बसलेच नव्हते. आजवर सगळं उभ्याने पाहिलेलं. पांढरंशुभ्र धोतर सावरून ते टेकले मात्र, असा भपकारा नाकात गेला की डोळ्यांत पाणी आलं.

"कशाचा रे वास?"

"फिनेलचा... दिवसातून तीनदा धुतो, बुवा. सावलीत वाळत नाही. मुताचा वास धरेल म्हणून."

"अजून कुणी मुतलंय का त्यावर?"

"नाही."



"कोणासाठी धुतोस, मुकुंदा?"

"कुत्र्यांसाठी."

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"मठासाठी."

फणसाचं एक पान गवतावर पडलं. रेग्यांनी सवयीने ते चटकन उचललं.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. त्यांना लाज वाटली, आणि रागही आला. "मला अनुग्रह हवाय, बुवा. त्रेसष्ट वर्षांचा झालो. अजून किती वाट बघू?"

बुवांनी कोपऱ्यातला फिनेलचा कॅन उचलला, काखोटीला मारला आणि चालू लागले.

त्या दिवसापासून रेगे साध्या पाण्याच्या बादल्या ओतू लागले. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. चौथ्या दिवशी वास जवळजवळ गेला. कुत्री मात्र आली नाहीत.

दत्तजयंती उजाडली. दुपारी रेगे शेवटच्या बादल्या ओतत होते, तेवढ्यात गोदी विहिरीकडून आली. गवताच्या कडेला तिचा पाय अडला. ती तोंडावर आपटली, उठली आणि माघारी वळली.

रेगे बादली ठेवून तिथे गेले. खडीमुळे कड दोन बोटं वर राहिली होती. सगळे उतार मोजले, आणि हे राहून गेलं. ही आंधळी इथे रोज अडखळत असणार, आणि आपण सांध्यांवरून बोट फिरवत बसलो होतो! त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी विहिरीकडेची माती ओंजळीओंजळीने आणली आणि कडेला थापली. कोपरापर्यंत हात भरले, धोतर मातकट झालं. सभामंडपात भजन सुरू झालं, तरी त्यांचं थापणं चालूच होतं. एवढ्या उताराने तरी तिला चढता यावं, तेवढ्याने तरी...

काम संपल्यावर कंबर धरली. ते तिथेच गवतावर, फणसाला पाठ टेकून बसले. अंगात त्राण नव्हतं.

गोदी पुन्हा आली. थापलेली माती हुंगली आणि चढली. रेग्यांचे हात हुंगले. स्वतःभोवती तीनदा फिरली आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टाकून आडवी झाली.

थोड्या वेळाने परसाच्या दारात बुवा आले.

"मुकुंदा, जन्मकाळ व्हायला आलाय. आसन मांडलंय. चल, माग काय मागायचं ते."

"हळू बोला, बुवा," रेगे कुजबुजले. "आत्ताच झोपलीये."

"वेळ टळेल. मग पुन्हा वर्षाने."

"टळू दे... मी उठलो तर ती जागी होईल."

आत घंटा वाजू लागली. बुवा दारातच थांबले...

"मग बस तसाच," ते म्हणाले. "दिला."