छापण्याआधीचा शब्द

नव्या मराठी बायबलच्या भाषांतर समितीचे अध्यक्ष रेव्हरंड यशोदास रणभिसे एकदा 'ठरलं' म्हणाले, की पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. म्हणून ग्रीक शिकवणाऱ्या एस्तेरबाई सरोदे सकाळपासून बोलू की नको करत होत्या. दुपारी पानं छापखान्यात जायची होती आणि त्या मूळ ग्रीकमधल्या एका क्रियापदाशी अडल्या होत्या.

"पाळकसाहेब, इथं 'पश्चात्ताप करा' नको," त्या कशाबशा म्हणाल्या. "मूळ क्रियापद रडायला सांगत नाही, मन पालटायला सांगतं. तेही एकदाच नाही, पालटत राहा म्हणतं."

"तीस वर्षांत मी एकही निर्णय फिरवलेला नाही!" रेव्हरंड गरजले. "आणि समितीचा नियम ठाऊक आहे ना? शब्द सुचवणाऱ्यानं रोजच्या जगण्यातला दाखला द्यायचा. द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एस्तेरबाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"दाखला तुमचाच देते, पाळकसाहेब. आज पानं जायच्या आधी ऐकलंत, तर ते मन पालटणं. पुस्तक छापून आल्यावर हळहळलात, तर तो पश्चात्ताप. यातलं प्रभूनं कुठलं करायला सांगितलं असेल?"

रेव्हरंडांनी पेन उघडलं आणि आपला शब्द खोडला.

"झालं समाधान?" ते खेकसले.

"इतक्यात कुठलं?" एस्तेरबाई घाम पुसत म्हणाल्या. "पालटत राहायचंय. हेच क्रियापद पुढे अजून तीसेक ठिकाणी आहे."