हौसाईची ओळ

गंगेवर पूल नव्हता, घाटाला पायऱ्या नव्हत्या आणि नदी आपल्या मनाला येईल तशी वळत होती, त्या काळातली ही गोष्ट. गोदावरीला त्या भागात गंगाच म्हणतात. किती वर्षं झाली ते विचारू नये. डोहगावची म्हातारी माणसं सांगतात, "आमच्या आजीला तिच्या आजीनं सांगितली," आणि त्याच्या मागं कुणी मोजत नाही.

तर डोहगावात मुंजाजी भोयाची एक लेक होती, हौसा नावाची. भोयांचं पोट पावसाळ्यात मासळीवर आणि उन्हाळ्यात टरबूज-खरबुजावर. दिवाळी सरली, पाणी ओसरलं, की नदीच्या उघड्या वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, बी टोबायचं आणि होळीच्या सुमाराला फळं तोडायला लागायचं. वाळूतल्या या मळ्याला वाडी म्हणतात. मुंजाजीचं घर वाडीवर चालायचं, तेही कसंबसं.

पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून हौसानं काही मागितलं की तिची माय म्हणायची, "कपाळी असंल तर मिळंल." नवं लुगडं कपाळी असंल तर. जत्रेतला पाळणा कपाळी असंल तर. एक दिवस हौसानं विचारलं, "माय, माझ्या कपाळी काय काय लिवलंय?"

"मला काय ठाऊक? मला कुठं वाचता येतंय?"

"मंग बाला?"

"त्यालाबी न्हाई."

"मंग कुणाला येतंय?"

माय हसली. "नदीपल्याडच्या पंतोजींना येतं."

"तर मी त्यांच्याकडं शिकते आणि वाचून सांगते तुला."

ही गोष्ट भोईवाड्यात पसरली आणि लोकांना हसायला कारण मिळालं. कुणी म्हणालं, भोयाच्या पोरीच्या कपाळी वाळूच असायची. हौसा शांतपणे विचारी, "तुम्ही वाचलंय का?" आणि वर म्हणे, "सटवाईनं लिवलंय म्हंजे कुणीतरी वाचावं म्हणूनच लिवलं असंल. उगं कशाला शाई घालवंल ती?" या एका गोष्टीवर तिचा विश्वास असा बसला होता, की तो कुणाला हलवता आला नाही.

पलीकडच्या काठावर शिरापुरात मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर अंतूपंतांची शाळा भरायची. पंत उंच, नाकात कायम तपकीर, आणि आवाज असा की शाळा सुटली हे नदीच्या अलीकडं कळायचं. हौसा उतारातून, म्हणजे नदी उथळ असते तिथून चालत, ओल्या परकरानं त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मुलींना मी शिकवत नाही," पंत म्हणाले. "मुलींचं काय काम लिहिण्याशी?"

"सटवाई बाईच हाय नव्हं, पंत? ती तर सगळ्या गावाचं लिवती."

पंतांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. असं म्हणतात, की त्या दिवशी त्यांना बराच वेळ शिंकच आली नाही. मग ते म्हणाले, "महिन्याला पायलीभर जोंधळे. सगळी मुलं देतात. माझ्याही घरी चूल आहे."

"जोंधळे न्हाईत. मासे हायेत."

"मासे मला चालत नाहीत."

"मंग खरबुजं?"

"खरबुजं उन्हाळ्यात. शाळा बारा महिने."

"तर उन्हाळ्यात खरबुजं विकून सगळे जोंधळे एकदम आणते. तवर बसू द्या."

पंत हसले, आणि हसलेला माणूस अर्धा हरलेलाच असतो. "बैस. पण उन्हाळ्याला जोंधळे आले नाहीत तर उठायचं. मग मला दोष द्यायचा नाही."

दिवाळीपासून हौसा शाळेत जाऊ लागली. थंडीच्या सकाळी गुडघाभर पाण्यातून जायची, ओनामा गिरवायची, आणि दुपारी वाडीत येऊन वेलांच्या मधल्या वाळूत तीच अक्षरं बोटानं काढायची. तिच्याकडं धूळपाटी नव्हती, पण वाळू अख्ख्या नदीची होती. बाराखडी अर्धी झाल्यावर ती डोहाच्या काठी वाकून पाण्यात आपलं कपाळ बघत बसली. माय म्हणाली, "घावलं का काही?"

"पाण्यात समदं उलटं दिसतंय, माय. उलटं अजून शिकवलं न्हाई."

माघ सरता सरता वर कुठंतरी अवकाळी पाऊस झाला. डोहगावात आभाळ कोरडं होतं, पण पहाटे गंगा तांबडं पाणी घेऊन आली. मुंजाजी आणि त्याची बायको कमरेइतक्या पाण्यात शिरली. हातात आले तेवढे वेल त्यांनी ओढले, पण वेल ओढून फळ वाचत नाही. उजाडलं तेव्हा वाडीच्या जागी नुसतं पाणी होतं, आणि पाणी उतरलं तेव्हा नुसती वाळू.

हौसा शिरापूरला गेली आणि पंतांना खरं ते सांगितलं. पंतांनी त्या दिवशी तपकिरीची डबी काढली नाही. "ठरलं होतं, मुली," एवढंच ते म्हणाले. तिनं त्यांना नमस्कार केला. जाताना म्हणाली, "मी परत येते, पंत. माझ्या जागेवर कुणाला बसवू नका."

बोलायला ती बोलली, पण जोंधळे आणायचे कुठून ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरात दाणा नव्हता. कधी मासळी, कधी उंबरं, कधी कुणाच्या शेतात राबून आणलेलं सूपभर धान्य, असे दिवस चालले. सटवाईचं ठाणं नदीकाठी बोरीखाली होतं, शेंदूर लावलेल्या गोट्यांचं. हौसा तिथं रोज जायची. एका दुपारी ती बराच वेळ गोट्यांकडं बघत बसली आणि हळूच म्हणाली, "खोडलंस का काय?"

मुंजाजी मागं जाळं सांधत बसला होता. त्यानं ते ऐकलं. तो मान वर न करता म्हणाला, "देवाचं लिवणं पाण्यानं पुसत न्हाई, बाई."

"बा," हौसा म्हणाली, "दुधीतलं बी मला देता का?"

वाळलेल्या दुधीच्या भोपळ्यात घरातलं राखलेलं बी आढ्याला टांगलेलं होतं. पुढच्या दिवाळीला टोबायचं बी. ते गेलं तर पुढच्या साली स्वतःची वाडी नाही. मुंजाजीनं दोन-चार गाठी मारल्या आणि मग बोलला.

"होळी तोंडावर आली. आता टोबलेलं फळाला यायला पावसाळा उजाडंल. गंगा आली की समदं जाईल, आणि पुढं आपण दुसऱ्याच्या वाडीत राबायचं. समजतंय नव्हं?"

"समजतंय."

"तरीबी?"

"तरीबी, बा."

मुंजाजी उठला, घरात गेला, भोपळा काढून आणला आणि तिच्या ओटीत रिकामा केला. ती अर्धं बी परत घालायला लागली तर त्यानं हात धरला. "समदंच टोब. अर्ध्या बियाला अर्धंच पीक येतं."

होळीच्या दुसऱ्या दिवशी बापलेकीनं वाळूत खड्डे घेतले. लोक रंगलेल्या तोंडांनी काठावर उभे राहून बघत होते. "होळीला खरबूज खातात रे मुंजाजी, टोबत न्हाईत," कुणीतरी ओरडलं. मुंजाजी म्हणाला, "तू खायला ये, मंग सांग." हौसा मात्र प्रत्येक बी टोबताना एक एक अक्षर म्हणत होती. अ म्हणून एक, आ म्हणून एक. बाराखडी जिथवर आली होती तिथवर म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

पुढचं जे झालं ते डोहगावात आजही पैज लावून सांगतात. असं म्हणतात, की सकाळी टोबलेलं बी दुसऱ्या दिवशी दोन पानांवर आलं. वेल इतक्या वेगानं वाढले की दुपारी वाडीत झोपलेल्या मुंजाजीच्या पायाला संध्याकाळी वेल गुंडाळलेला होता, आणि त्याला सोडवायला भोईवाड्यातून माणसं आली. खरबुजं अशी धरली, की एक उचलायला दोन गडी लागावेत. आणि उन्हाळा सरता सरता फळं पिकून सालीवर जाळी धरली, तेव्हा हौसा एका फळापाशी वाकली आणि तशीच थबकली. जाळीच्या रेघांत स्वच्छ 'अ' उमटला होता. शेजारच्यावर 'आ'. पुढं 'क', त्याला काना, त्याला वेलांटी. जे म्हणत तिनं बी टोबलं होतं ते वाडीभर लिहून आलं होतं.

मृगाचा पाऊस लागला, गंगा चढू लागली. असं म्हणतात, की पाणी दोन्ही अंगांनी आलं आणि वाडीच्या कडेला येऊन उभं राहिलं, दारात पाहुणा उभा राहतो तसं. भोयांनी नावा लावल्या आणि फळं शिरापूरच्या बाजारात नेली.

लिहिलेली खरबुजं आली म्हणून बाजार मोडून लोक गोळा झाले. प्रत्येकाला आपल्या खरबुजावर काय आहे ते ऐकायचं होतं. कुणी म्हणालं, ही सटवाईचीच लिपी, आमचं नशीब सांग. कोंडीबा तेली मोठा घाणेवाला, त्यानं तर गाडीवरचं जोंधळ्याचं अख्खं पोतं उतरवून तिच्यापुढं ठेवलं. "काशीला जाणं हाय का माझ्या नशिबी, तेवढं सांग. पोतं तुझं."

पोतं म्हणजे दीड-दोन वर्षांची शाळा. माय पोत्याकडं बघत होती. हौसानं खरबूज फिरवून फिरवून बघितलं. "हा क. हा काना. 'का' हाय, काका."

"म्हंजे काशीच. पुढं बघ."

"पुढं शी न्हाई. नुसता 'का'."

"का म्हंजे काय?"

"तेच इचारतंय ते."

कोंडीबाच आधी हसला. पोट धरून हसला. "बरं, दाखव तर. कुठं हाय हा क?" हौसानं त्याचं बोट धरून रेघांवरून फिरवलं. साठीच्या घरातला तो माणूस तिथंच धुळीत बसला आणि त्यानं क काढला. वाकडा काढला, पण काढला. मग त्याची बायको पुढं सरकली, मग तांबोळीण, मग गाडीवाले. नशीब कुणाचंच सांगितलं नाही हौसानं. ज्यानं त्यानं आपल्या फळावरचं अक्षर शिकून न्यायचं, एवढंच. आणि अक्षर आलं की माणूस खुशीनं ओंजळभर, सूपभर जोंधळे मायच्या पदरात टाकायचा. कोंडीबानं पोतं परत गाडीवर चढवलं नाही.

हा गलका ऐकून अंतूपंत देवळातून आले. आपल्या ओसरीवर छडीनंही बसत नाहीत ती अक्षरं भर बाजारात लोक ओरडून म्हणत होते. हौसानं एक राखून ठेवलेलं खरबूज त्यांच्या हातात दिलं. पंतांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. काय वाचलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. कुणी म्हणतात त्यावर 'श्री' होता, कुणी म्हणतात 'ये' होतं, आणि शिरापूरचे लोक म्हणतात काहीही नव्हतं, पंतांच्या डोळ्यांत पाणी आल्यानं त्यांना दिसलंच नाही. ते एवढंच म्हणाले, "तुझी जागा रिकामी आहे. उद्या वेळेवर ये." आणि मग त्यांना अशी शिंक आली, की नदीच्या अलीकडं लोकांना वाटलं शाळा सुटली.

शेवटचं फळ तोडून मुंजाजी नावेत चढला आणि गंगेनं वाडी आपल्या पोटात घेतली. त्याआधी नाही.

हौसा शिकली. मोडी शिकली, बाळबोध शिकली, हिशेब शिकली. पंत थकले तेव्हा त्यांचीच शाळा तिनं नदीच्या अलीकडं आणली, वाळूत. लोक तिला हौसाई म्हणू लागले. ती कुणाकडून पायली मागत नसे, पण देणारे देत. एकदा कुंभारवाड्यातली भिवरा नावाची पोर दोन दिवस लांबूनच बघत बसलेली तिला दिसली. हौसाईनं विचारलं, "आत का येत न्हाईस?"

"आणायला काही न्हाई, बाई."

"कुणी सांगितलं आणायला?"

"बाकीचे आणतात. मला लाज वाटती."

हौसाईनं तिला समजावलं नाही. लाज समजावून जात नाही, हे तिला माहीत होतं. ती तिला वाडीत घेऊन गेली, नदीच्या बाजूची वेलांची एक ओळ दाखवली आणि म्हणाली, "ही तुझी. पाणी तू घालायचं. हिचं जे येईल त्यातनं तुझी शाळा. आता ये." भिवरा आली. भिवरा शिकून गेल्यावर ती ओळ दुसऱ्याच्या नावानं झाली, मग तिसऱ्याच्या. दरसाल डोहगावचा एकेक भोई आपल्या वाडीत तशी ओळ सोडू लागला.

हौसाई कधी गेली ते कुणी सांगत नाही. असं म्हणतात, की ती गेलीच नाही, पुराच्या पाण्याबरोबर खालच्या गावांना शिकवायला गेली.

आता गंगेवर बंधारा झाला, वाळूतल्या वाड्या राहिल्या नाहीत. डोहगावात टरबूज-खरबूज शेतात लावतात, ठिबकवर, वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून. पण अजूनही प्रत्येक वावरात नदीच्या बाजूची एक ओळ हौसाईची असते. त्या ओळीला पाणी घालायला घरातलं शिकणारं लेकरू जातं, आणि तिच्या पैशातून गावातल्या ज्या कुणाची फी अडली असेल त्याची भरली जाते. कुणाची भरली ते गावात विचारत नाहीत. बाजारात व्यापारी भाव पाडायला लागला की बायका एक टोपली बाजूला सरकवतात आणि म्हणतात, "ही हौसाईची हाय, दादा." जुना व्यापारी असला तर हात जोडून सांगितला तो भाव देतो. नवा असला तर विचारतो, कोण हौसाई? मग बाई टोपलीशेजारी बसकण मारते, त्यालाही बसायला सांगते, आणि गंगेवर पूल नव्हता तिथपासून सुरू करते.