तळ्याचा घोट

जनावरं आपला कारभार आपणच पाहत, त्या काळची ही गोष्ट. तळ्यातल्यांनी रानसभेवर पाणकोंबडीला निवडून दिलं होतं. दर अधिवेशनाआधी तिनं तळ्याचा घोट घ्यायचा आणि मगच तळ्यातल्यांपुढे बोलायचं, असा रिवाज होता. गेल्या काही खेपांना घाईघाईत घोट राहिला. भाषण मात्र कधी राहिलं नाही.

यंदाही धावतपळत काठावर येऊन, डोळे मिटून, ती पाठ केलेलं बोलली, "मंडळी, गाळाचा प्रश्न या वेळी धसासच लावते!"

कोणी हूं की चूं केलं नाही. तिनं डोळे उघडले. भेगाळलेल्या चिखलातून म्हातारा खेकडा तेवढा वर आला.

"खेकडेबाबा, बाकीचे कुठे?"

"पाणी गेलं, बाई. मागोमाग तेही गेले."

तिनं घोटासाठी चोच खाली नेली. चोचीला कोरडी माती लागली.

"आता सभेत काय मांडू, बाबा?"

"आम्ही होतो, एवढं सांग."