आजीच्या लुगड्यांचं माखर

राजांची नावंही आता कुणाला सांगता येणार नाहीत, इतक्या जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली माणसं जुनी लुगडी-धोतरं चुन्याच्या पाण्यात कुजवायची, कुटून त्यांचा लगदा करायची आणि त्यातून कागद काढायची. त्या गावात सगुणा नावाची मुलगी आजी-आजोबांजवळ राहायची. आईबाप तिला लहानपणीच अंतरले होते.

आजी कागद कातरण्यात मोठी हुशार. गौरी आल्या की देवळातलं माखर तीच करायची. सगुणेच्या हाती कातर दिली तीही तिनंच. एका उन्हाळ्यात आजी तापानं गेली.

सगुणा पुष्कळ रडली. मग म्हणाली, "यंदाचं माखर मी करीन, आणि तेही आजीच्या लुगड्यांच्या कागदाचं. तिचं नाव गावात राहिलं पाहिजे."

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांची नजर केव्हाच गेली होती. ते म्हणाले, "कर बाळ. फक्त माझ्या उशाचं तिचं ते जुनेर, ते जुनं लुगडं तेवढं राहू दे. त्याच्यावर हात ठेवला की मला झोप लागते."

"बरं," सगुणा म्हणाली.

ती कामाला लागली. कागदातून मोर उतरले, वेली उतरल्या. शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. खुद्द राणीसाहेब गौरीला येणार, अशी बातमी आली. आणि नेमका कळसापुरता कागद कमी पडला.

घरात दुसरा कागद होता. पण सगुणेला वाटलं, सगळं माखर आजीचं म्हणून सांगायचं आणि कळस परक्या कापडाचा? आजोबा शेजाऱ्याचा हात धरून नदीवर आंघोळीला गेले तेव्हा तिनं उशाचं जुनेर ओढलं. फाडताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिनं ते फाडलं आणि चुन्याच्या पाण्यात टाकलं.

दुपारी आजोबा अंथरुणावर चाचपडू लागले. "सगुणे, जुनेर कुठं गेलं?"

"कळसाच्या कागदाला घातलं, आजोबा. आता ते सगळ्यांना दिसेल."

आजोबांनी चाचपणं थांबवलं. मग हळूच म्हणाले, "हो. सगळ्यांना दिसेल."

गौरी आल्या. राणीसाहेबांनी माखर पाहून सगुणेच्या पाठीवरून हात फिरवला. लोक म्हणाले, "नात असावी तर अशी." सगुणेनं आजोबांना हाताला धरून पुढं आणलं आणि त्यांची बोटं कळसावर ठेवली. आजोबांनी कागद चाचपला, बोटं नाकाशी नेली.

"चुन्याचा वास येतो," एवढंच म्हणून त्यांनी हात मागे घेतला.

तेव्हापासून त्यांची झोप उडाली. सगुणेनं विणकराकडून मऊसूत लुगडं आणलं. आजोबांनी ते चाचपून नीट घडी घातली आणि परत दिलं. "चांगलं आहे. तू नेस." गौरी गेल्यावर तिनं कळसच त्यांच्या उशाशी ठेवला. सकाळी पाहिलं तर तो फळीवर होता.

"माझ्या हातून चुरगळला असता," आजोबा म्हणाले. "तुझी मेहनत आहे त्यात."

ते एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर सगुणेला पाय धरता आले असते. ते नुसते खंगत गेले, आणि थंडी सरायच्या आत गेले.

दिवसकार्य झाल्यावर गावातल्या बायका म्हणाल्या, "आता आजोबांच्या नावानंही एक माखर कर, पोरी. तुझ्याइतकी माया कुणी केली?"

सगुणा खाली मान घालून आत गेली. त्यानंतर तिनं कातर कधी हातात धरली नाही. लोक सांगत, नातीनं दुःखानं कला सोडली. ते ऐकून घेणं, एवढंच तिच्या वाट्याला उरलं.

तात्पर्य : गेलेल्या माणसाची आठवण जपताना मागे राहिलेल्याचा आधार काढून घेऊ नये.